माजघरातले गुपित आणि गावकुसाबाहेरचा जन्म

मराठी प्रादेशिक कादंबरीचा इतिहास सांगताना आपले समीक्षक कोकणातल्या लाल मातीचा, माणदेशच्या माळाचा, खानदेशी बोलीचा हिशेब चोख मांडतात. कोणत्या लेखकाने कोणता प्रदेश साहित्यात आणला, याच्या याद्या पाठ्यपुस्तकांत छापल्या जातात आणि विद्यार्थी त्या पाठ करतात. परंतु त्या कादंबऱ्यांतल्या घराला दार होते की नव्हते, हा प्रश्न कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. मला तो कळीचा वाटतो. पोरगा मोठा होतो आणि मोठा होता होता घराने झाकून ठेवलेली एखादी गोष्ट त्याच्यापुढे उघडी पडते, ही या कथांची जुनी चाल आहे. वडिलांनी ठेवलेली बाई, विधवा आत्या एकाएकी काशीला का गेली, शेत कुणाच्या सहीने सावकाराकडे गेले, असली ती गोष्ट असते. ती कळली की पोरगा पोरगा राहत नाही. ही चाल चालायची तर आधी घर लागते. ओटी, पडवी, माजघर, बाळंतिणीची खोली लागते. बाहेरच्याने कुठवर यायचे याची रेघ लागते. ज्यांना ही रेघ गावानेच ओढून दिली, आणि तीही उलट्या बाजूने, त्यांच्या पोरांनी मोठे कसे व्हायचे?

या प्रश्नाची सुरुवात कादंबरीच्याही आधीची आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवायचे तर ठेवावे, न्यायचे तर न्यावे. आलेल्या स्त्रीचे नावगाव उघड होणार नाही, ही त्या घराची हमी होती. १८८४ सालापर्यंत अशा ३५ स्त्रिया तिथे आल्याचे जोतीरावांनी स्वतः नमूद केले आहे. म्हणजे ब्राह्मण वाड्याचे गुपित जपायला जागा दिली ती एका माळ्याच्या घराने. ज्या वाड्यांनी त्या बायकांना आड-विहीर दाखवली, त्या वाड्यांच्या अब्रूवर पांघरूण मात्र फुल्यांचे! परंतु जोतीराव तेवढ्यावर थांबले नाहीत. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला आणि १८८७ साली मृत्युपत्र करून ते सरकारदरबारी नोंदवले. त्यात त्याला वारस नेमले. गुपितातून जन्मलेल्या मुलाला त्यांनी दस्तऐवजात आणले. पुढे १८९० साली जोतीरावांच्या अंत्यविधीच्या वेळी भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हाती धरले, हेही आपण जाणतो. आधुनिक मराठी कथनाच्या आरंभाशी एवढी मोठी कथा उभी होती. मराठी कादंबरीकारांनी तिच्याकडे पाहिले नाही, असे म्हणण्यापेक्षा ती पाहण्याचे त्यांनी टाळले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

त्यांनी पाहिले ते आपले माजघर. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. कोकणातल्या खोताचे घर कर्जात बुडते, आई झिजून मरते, आणि श्याम त्या झिजण्यातून घडतो. या पुस्तकाबद्दल उपहासाने बोलण्याची आमच्यात एक फॅशन आहे. मी ती पाळत नाही. अस्पृश्यांना पंढरपूरचे विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणाऱ्या माणसाचे ते पुस्तक आहे. पण त्या पुस्तकाने मराठी शाळेला ‘आई’ नावाचा एक साचा दिला आणि त्या साच्यात कुणाची आई बसते, हे शाळेने कधी तपासले नाही.

ते तपासले बाबूराव बागूल यांनी. त्यांची ‘आई’ ही कथा वर्गातच सुरू होते. मास्तर आईवरची कविता शिकवत आहेत. पोरे भारावून ऐकत आहेत. पांडू नावाचा झोपडपट्टीतला मुलगाही ऐकतो आहे आणि त्याला आपली आई आठवते. बाहेर पडल्यावर सोबतची पोरे त्याला त्याच्या आईचे आणि मुकादमाचे नाव जोडून टोचतात. एवढ्यावर ही कथा थांबली असती तर ती चारचौघींसारखी झाली असती. बागूल पुढे आईच्या बाजूने चालत जातात. बाप रोगाने खंगला, मरेपर्यंत बायकोवर संशय घेत राहिला. त्याच्यामागे तिने वर्षानुवर्षे बांधकामावर पाट्या वाहून, सगळ्यांच्या नजरा चुकवून, केवळ या पोरासाठी स्वतःला राखले. आणि ज्या दिवशी तिचे मन जरा आपल्या सुखाकडे वळते, त्याच दिवशी पोराला सगळे कळते. तो पळत सुटतो.

या कथेत गुपित कुठे आहे, हे पाहण्यासारखे आहे. पांडूला कळते ती गोष्ट वस्तीला अगोदरच ठाऊक आहे. खोत-इनामदारांच्या कथांत घरच्यांना माहीत असते आणि गावाला नसते. इथे गावाला, वस्तीला, गल्लीतल्या पोरांना माहीत असते, आणि ज्याचे जिणे त्यावर टांगलेले, त्या एकट्यालाच नसते. एकाच पत्र्याखाली राहणाऱ्या दोन जिवांमध्ये आडपडदा ठेवण्याइतकीही जागा नाही. म्हणून इथे मोठे होणे म्हणजे काही शोधून काढणे नव्हे. जगाला माहीत असलेले आपल्याला उशिरा कळणे, हेच इथले वयात येणे. दोन साहित्यांतला हा फरक बोलीचा नाही, घराच्या बांधणीचा आहे.

उलट उदाहरणही ध्यानात घ्यावे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. त्यातही मुलगा मोठा होतो, त्याच्यापुढे बापाची कथा उभी आहे. पण राणोजीने गावासाठी जोगिणी आणली आणि त्यात जीव दिला, ही गोष्ट कुणी झाकलेली नाही. गाव ती सांगते आणि फकिरा ती ऐकत वाढतो. अण्णा भाऊंना लपवण्यासारखे काही दिसलेच नाही, की त्यांनी मुद्दाम मांगवाड्याला अशी वंशकथा दिली की जी छाती पुढे काढून सांगता येईल? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. पोवाड्याचा शाहीर तो. त्याला पोरांच्या हाती तलवार द्यायची होती, आरसा नव्हे.

१९६३ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण म्हटले पाहिजे. या एका वर्षात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. विद्यापीठांतून पहिल्यावर जेवढी चर्चासत्रे झाली, त्यांच्या चौथाईनेही दुसऱ्याची दोघांना शेजारी ठेवून झाली नसतील. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, बापाचा पैसा उडवतो, परीक्षा बुडवतो आणि हात हलवत सांगवीला परततो. धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते तेव्हा तो आतून हलतो. मोठ्या ताकदीचे ते पुस्तक आहे, यात वाद नाही. पण पांडुरंगाला वाया जाण्याची सोय होती. वाया गेल्यावर परतायला घर होते, शेती होती, चिडलेला का होईना, पण बाप होता. बागुलांच्या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. तिथे त्याला राहायला खोली हवी, म्हणून तो जात सांगत नाही. कुणी विचारले तर बोलण्यातून वाट काढतो, मान मिळवतो, आणि त्या मानाच्या ओझ्याखाली घुसमटतो. त्याच ठिकाणी काशिनाथ नावाचा दुसरा कामगार आपली जात लपवीत नाही आणि दररोज लढतो. शेवटी जात फुटते, मार पडतो, आणि सोडवायला येतो तो काशिनाथच.

इथे घराचे गुपित म्हणजे काय? बापाची बाई नव्हे, आत्याची काशी नव्हे. आपले आडनाव, आपले गाव, आपल्या आईची भाषा, हेच गुपित. सगळा वंशच चोरीचा माल! आणि ‘चोरली’ हा शब्द बागुलांनी किती अचूक वापरला आहे पाहा. जे आपले आहे ते लपवले तर त्याला चोरी म्हणणारा समाज हा. माजघरातले गुपित फुटले तर घराची अब्रू जाते. हे फुटले तर हाडे मोडतात.

यानंतर आत्मकथनांचे पर्व आले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली. या पुस्तकांना कादंबरी म्हणायचे की नाही, यावर बराच काथ्याकूट झाला. जाता जाता एवढेच सांगतो की, आनंद यादव यांनी कागलच्या शेतकऱ्याच्या पोराची शिक्षणासाठीची झुंज ‘झोंबी’त लिहिली तेव्हा तिला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून मान्यता मिळायला अडचण आली नाही. आमच्या लेखकांचे लिखाण मात्र ‘अनुभवाचा दस्तऐवज’. दस्तऐवज म्हटला की त्याचे कौतुक करून शिल्पाचा विचार टाळता येतो. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये दगडू आणि दया असे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवून त्यांच्यात संवाद घडवला. एकाला सगळे माहीत आहे, दुसरा ते विसरू पाहतो आहे. आरशासमोर बसून आरशालाच उलटतपासणी घेऊ देण्याची ही रीत कोणत्याही कादंबरीकाराने आपली म्हणावी अशी आहे.

‘बलुतं’वर सर्वांत तिखट प्रतिक्रिया आली ती आपल्याच माणसांतून, हे आज मोकळेपणाने बोलले पाहिजे. बापाचे व्यसन, कावाखान्यातले जिणे, संशय घेऊन सोडलेली स्वतःची बायको, हे सारे चव्हाट्यावर कशाला मांडायचे, असे शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, कॉलनीत घर घेतलेल्या मंडळींनी विचारले. त्यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या रागाला इतिहास आहे. शिवराम जानबा कांबळे यांच्या ‘सोमवंशीय मित्र’मध्ये १९०९ साली शिवूबाई नावाच्या मुरळीने आपली कहाणी पत्र लिहून मांडली, तेव्हापासून अस्पृश्यांच्या चळवळीचा एक हात आपल्या लेकीबाळींना त्या जिण्यातून बाहेर ओढत होता. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांच्यापुढे भाषण केले आणि हे जिणे सोडा, असे निक्षून सांगितले. ते ऐकून ज्यांनी खरोखरच सोडले, ज्यांनी मुलींची लग्ने लावली, पोरांना शाळेत घातले, घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, त्यांनी हजारो वर्षांत पहिल्यांदा एक दार मिळवले होते. बंद करता येईल असे दार. आणि दोन पिढ्या जातात न जातात तोच आपलाच लेखक ते सताड उघडून आत बोट दाखवतो! त्यांना राग येणे माणसासारखे होते.

तरीही मी लेखकाच्या बाजूने आहे, आणि का ते सांगायला ‘अक्करमाशी’कडे जावे लागते. बारा माशांचा एक तोळा. अकरा माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे एक मासा कमी भरलेला माणूस. सोनाराच्या काट्याने माणूस तोलणारी ही भाषा वरच्या जातींपुरती राहिली नाही, ती महारवाड्यातही रुजली. लिंबाळे यांच्या पुस्तकातला मुलगा पाटलापासून महार बाईला झालेला आहे. पाटलाच्या वाड्यात त्याला जागा नाही, आणि महारवाड्यातही तो पुरा मोजला जात नाही. आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान आजोबा, या दोघांनी त्याला वाढवले. त्या आजोबाचे आणि त्या पोराचे नाते कोणत्याही रक्ताचे नाही, कोणत्याही जातीचे नाही, धर्माचेही नाही. मला विचाराल तर मराठीतल्या बाप-लेकांच्या अनेक गोष्टींपेक्षा ते नाते मोठे आहे. शाळेत बापाचे नाव लागते, सवलतीच्या अर्जावर सही लागते, आणि प्रत्येक कागद त्या पोराला एकच प्रश्न विचारतो. पुढे लग्नाच्या वेळी जातीतली माणसे मुलगी द्यायला तयार होत नाहीत. इथे गुपित कसले? सारा गाव पाटलाचे नाव जाणतो. पाटील जाणतो. फक्त ते नाव उच्चारण्याचा हक्क आईला नाही आणि पोराला नाही.

म्हणून मी म्हणतो, गुपित आणि मौन यांत फरक केला पाहिजे. जोतीरावांच्या घरी आलेल्या विधवेचे गुपित तिच्या बाजूने होते, ते तिचा जीव वाचवीत होते. मसामायचे मौन पाटलाच्या बाजूने आहे. तिला गप्प बसवून त्याची जमीन, त्याचा वंश, त्याची सातबाऱ्यावरची नावे सुरक्षित राहतात. लिंबाळे यांनी ते मौन मोडले तेव्हा आपल्या घराची बेअब्रू झाली असे ज्यांना वाटले, त्यांनी बेअब्रू कुणाची झाली हे नीट पाहिले नाही.

पण मग आणखी एक दार उरते, आणि तिथे आम्हा पुरुषांची पावले अडखळतात. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसत. गिऱ्हाईक नसेल त्या वेळी लिहीत आणि लिहिलेले घरातल्यांच्या नजरेपासून लपवीत. अशी वीस वर्षे गेली. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून त्यांचे लिखाण येऊ लागले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक झाले. वीरगावच्या महारवाड्यातल्या बायकांची उपासमार, सासुरवास, बाबासाहेबांच्या शब्दाने पेटलेली माणसे, सगळे त्यात आहे. लेखिकेचा स्वतःचा संसार मात्र जवळजवळ नाही. पुढे २००८ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा सोबतच्या मुलाखतीत त्या नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दल बोलल्या. पुस्तकात का नाही लिहिले? कारण पुस्तक समाजाचे होते. त्यात ‘आम्ही’ होते, ‘मी’ला जागा नव्हती. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’त नवऱ्याने दुसरी बायको केल्याची जखम उघडी आहे, आणि २००३ सालच्या ‘आयदान’मध्ये ऊर्मिला पवार घरातल्या आणि चळवळीतल्या पुरुषांबद्दल आणखी सरळ लिहितात. पण बेबीताईंची ती लपवलेली पाने माझ्या मनातून जात नाहीत. दया पवारांनी बायकोवर घेतलेला संशय लिहिला तर त्याला प्रांजळपणा म्हटले गेले. बेबीताईंना तर लेखणी हाती घेणेच लपवावे लागले. पुरुषाचे वयात येणे छापले जाते. बाईचे वयात येणे पन्नाशीला, नातवंडांच्या घरात, आणि तेही चोरून! ‘जात चोरली’च्या शेजारी हे ‘लिहिणे चोरले’ ठेवून पाहावे.

किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिले तेव्हा नावाच्या मधोमध आईचे नाव लावले. तमाशात नाचणाऱ्या बाईचा मुलगा, पुढे डॉक्टर झाला. बापाच्या रकान्यात भरायला त्याच्याजवळ कुणी स्वीकारलेले नाव नव्हते, तर त्याने रकान्याचाच अर्थ बदलला. २००७ साली रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. आज महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर आईचे नाव बापाच्या आधी लावण्याचा नियम केला आहे. त्याचे स्वागत करणाऱ्या लेखांत मला काळे यांच्या पुस्तकाचा उल्लेख आढळला नाही. शासननिर्णयाला साहित्याची आठवण नसते, हे समजू शकते. साहित्याच्या माणसांना असायला हवी.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. एका जूनमध्ये एक म्हातारी नातवाला घेऊन आली. मुलाचे नाव तिने सांगितले. बापाचे नाव विचारले तेव्हा रांगेतले दोघे-तिघे हसले आणि म्हातारी जमिनीकडे पाहू लागली. वर्गात माझ्या मागे ‘श्यामची आई’च्या प्रती ठेवलेल्या होत्या, शनिवारी वाचायच्या म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, काहीतरी लिहून टाका. मी म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्याचे, म्हणजे मुलाच्या आजोबाचे नाव लिहिले. मला तेव्हा ते माणुसकीचे वाटले होते.

तेरा वर्षांनी तो मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन माझ्या घरी आला. जातीच्या दाखल्यासाठी त्याला बापाकडचा पुरावा मागितला होता आणि माझ्या हातचे नाव कुठेच जुळत नव्हते. आजोबाचा मुलगा म्हणून लावले तर आई त्याची बहीण ठरत होती! बाप कोण हे त्याला ठाऊक होते का, असे मी भीत भीत विचारले. त्याने त्या माणसाचे नाव, गाव, किती एकर शेत आणि विहिरीवर कोणती मोटार आहे, सगळे सांगितले. मग म्हणाला, “गुरुजी, मला ते नाव नको. आईचं लावून द्या.” आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. कचेरीतल्या बाबूने तो वाचून परत दिला आणि वडिलांचे मृत्यू-प्रमाणपत्र जोडा म्हणून सांगितले. बाप तर जिवंत होता. दर बाजारी आम्हाला दिसत होता.